मिळवणीचं पाणी

आमच्या मठात "मपलं" म्हणायला बंदी होती. मपलं म्हणजे माझं, तुपलं म्हणजे तुझं. आमच्या भागात या दोन शब्दांशिवाय माणसाचं पान हलत नाही, आणि मठाच्या उंबऱ्याच्या आत नेमके तेच चालायचे नाहीत. ज्याच्या तोंडून निघतील त्यानं खराटा घेऊन सगळं अंगण झाडायचं, मग तो सालगडी असो की पाटील. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात मी दर्शनाला गेले आणि निघताना "मपली चप्पल कुठं गेली" म्हणाले. नव्या साडीचा पदर खोचून मला ते अंगण झाडावं लागलं. बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. मला असा संताप आला होता की त्या महाराजांचा खराटा त्यांच्याच पायाशी आपटावा.

गाव परळी तालुक्यातलं, धर्मापुरीच्या अलीकडचं. मठ जुना, मालकीची जमीन जवळपास नाही, महाराज म्हणजे एक वाळकी म्हातारी काठी. ते दिवेलागणीला बसून अद्वैत सांगायचे. जीव आणि शिव दोन नाहीत, भक्त आणि देव दोन नाहीत, तरी भक्ती करायची, कारण लाटेनं समुद्रावर प्रेम केलं तर बिघडलं कुठं, असं त्यांचं म्हणणं. घागरीतलं आकाश, दोरीवरचा साप, सोन्याचे दागिने हे सगळे दाखले व्हायचे. पण गावाला खरा पटायचा तो विहिरीचा. तो त्यांचा स्वतःचा होता.

"येशीजवळचा आड पहा," ते म्हणायचे, "आन् खाली या बाईची विहीर पहा. नावं दोन, काठ दोन, मालक दोन. बाईच्या विहिरीवर मोट चालली की येशीच्या आडाचं पाणी उतरतं. कावून? खाली झरा एकच हाय. तसं आपलं हाय."

"या बाईची" म्हणजे माझ्या सासूबाईंची. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण अद्वैताच्या बाबतीत अख्ख्या पंचक्रोशीत त्यांच्यासमोर उभं राहायची कुणाची छाती नव्हती. भाकरी थापता थापता मला विचारायच्या, "सांग बरं, पीठ कुठं गेलं न् भाकर कुठून आली?" मी म्हणायची, "पीठ परातीत आहे आणि भाकर करपायलीय." त्या खो खो हसायच्या. तरुणपणी विधवा झालेल्या, एकच मुलगा, त्यालाही त्यांनी सहज वाढवलं नव्हतं. पण त्यांच्या घरात मला कधी परकं वाटलं नाही. सुनेला आणि लेकीला दोन म्हणायचं नाही, हे त्या नुसतं म्हणत नव्हत्या, तसं वागत होत्या. माझ्या आईनंतर मी जीव लावला तो त्यांना.

फाल्गुनात मठात सप्ताह बसायचा आणि शेवटच्या दिवशी मिळवण असायची. मिळवण म्हणजे ज्याच्या त्याच्या विहिरीचं पाणी घागरीत आणायचं आणि मठाच्या अंगणातल्या दगडी डोणीत ओतायचं. सगळ्या घागरी रिकाम्या झाल्या की महाराज मोठ्यानं म्हणायचे, "आता ज्यानं त्यानं आपापलं पाणी परत न्या." सगळा गाव एका सुरात ओरडायचा, "वेगळं करता येत न्हाई, महाराज!" मग डोणीतलं एकेक तांब्याभर पाणी प्रत्येकानं प्यायचं. वर्षाचं सगळं तत्त्वज्ञान त्या एका आरोळीत होतं. पहिली घागर ओतायचा आणि पहिला तांब्या प्यायचा मान आत्याबाईंचा. त्यासाठी त्या सप्ताहभर व्रत धरायच्या: एक वेळ मूठभर भगर, आणि पाणी फक्त आपल्या विहिरीचं, स्वतःच्या हातानं शेंदलेलं. त्या घागरीला दुसऱ्या कुणी शिवायचं नाही.

ज्या वर्षाचं सांगते आहे ते मिलोच्या दुष्काळातलं. मिलो म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी, तिची भाकर जनावरानंही हुंगून बाजूला सारावी अशी. माणसं खडी फोडायला जात होती. पहाटेपासून आभाळ पांढरं असायचं. गुरं बाजारात नेलेली, त्यामुळे गोठे रिकामे आणि गावात एक विचित्र शांतता. वेशीचा आड कधीच कोरडा पडला होता. प्यायला टँकर यायचा. अख्ख्या शिवारात पाणी धरून होती ती आत्याबाईंची विहीर, तीही तळाशी चार हात, म्हणून प्यायला घरात आम्हीही टँकरचंच घ्यायचो.

माझे मालक गावच्या सोसायटीच्या गोदामावर कामाला होते. सोसायटीचे चेअरमन जीपमधून फिरायचे आणि मठात आले की भाषण करायचे. "सहकार म्हणजे दुसरं काय? अद्वैतच! मी-तू गेलं की संस्था उभी राहते." भाषण संपलं की संस्थेच्या जीपमध्ये बसून संस्थेच्या डिझेलवर घरी जायचे. मला तेव्हाही हसू यायचं. आत्याबाई मला कोपरानं ढोसायच्या आणि स्वतःही हसायच्या.

सप्ताह बसायच्या आधी गोदाम रिकामं करायचा हुकूम आला. मिलोची पोती येणार होती, आणि गोदामात कपाशीवर फवारायच्या औषधाचे डबे पडून होते. कपाशीच नाही तर फवारायचं कशावर? उन्हानं डबे फुगले होते, काही पाझरत होते. विषाशेजारी धान्य कसं ठेवणार? चेअरमन म्हणाले, उघड्यावर सांडू नका, एखादं जनावर चाटेल. वेशीचा आड कोरडा ठाक आहे, त्यात ओता आणि वरून माती लोटा. हे ऐकून कुणालाही शहाणपणाचंच वाटेल. आमच्या मालकांनाही वाटलं. त्यांनी दिवसभर एकट्यानं ते डबे आडात रिकामे केले. घरी आले तेव्हा डोकं धरून बसले. औषध कुठं ओतलं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. सदऱ्याला रॉकेलसारखा, पण त्याहून गुळमट असा वास येत होता. मी तो सदरा दोनदा धुतला, अंगणातल्या दोरीवर टाकला, तरी वास जाईना. दुष्काळात एका सदऱ्यासाठी इतकं पाणी गेलं म्हणून मी त्यांच्यावर चिडले. दुसऱ्या दिवशी ते सोसायटीच्या बैलगाडीनं मिलो आणायला परळीला गेले. स्टेशनात वॅगन अडकली होती, म्हणून तिकडेच राहिले.

सप्ताह बसला. आत्याबाईंनी घागर घासली आणि व्रत धरलं.

चार-दोन दिवसांनी मी शेळी घेऊन विहिरीवर गेले. आत्याबाई पोहरा शेंदून घागर भरत होत्या. उरलेलं पाणी त्यांनी शेळीपुढं दगडी खळग्यात ओतलं. सकाळपासून तहानलेली शेळी. तिनं तोंड खाली घातलं, फुरफुरली आणि मागं सरली. मी मान धरून दाबली तर शिंगं उगारली. मग मी विहिरीत डोकावले. पाण्यावर बेडूक उलटे पडले होते, पांढरी पोटं वर करून. दोन-चार नाही, पुष्कळ. विहिरीच्या कपारीत एरवी पारवे घुमायचे, त्यांचाही आवाज नव्हता.

"आत्याबाई, हे पाणी पिऊ नका. शेळी तोंड लावंना."

"तळाचं पाणी हाय, गाळाचा वास यायलाय. बेडकं उन्हानं मेली."

"उन्हानं विहिरीतले बेडूक मरतात का?"

त्यांनी घागर कमरेवर घेतली. "तुपली शेळी दोन पाहती बघ. ह्ये गोड, ह्ये कडू. तू बी तेच पाहतीस. आगं, पाणी ते पाणी."

मठाच्या बाहेर होत्या म्हणून तुपली म्हणाल्या. मी हसले नाही. मी पुन्हा सांगितलं, विनवलं, टँकरचं पाणी आणून देते म्हणाले. त्यांनी ऐकलं नाही. त्यांचंही खरं होतं, व्रत मोडलं तर मिळवणीची पहिली घागर कोण ओतणार? एवढ्या वर्षांत ती चुकली नव्हती. दुष्काळात तर ती चुकायलाच नको, असं त्यांना वाटत होतं. पाणी संपत चाललं की माणसं मपलं-तुपलं फार करतात, त्या म्हणाल्या, आता खरी गरज आहे.

त्यानंतरच्या दिवसांत मला झोप लागायची नाही. आत्याबाईंचं डोकं दुखू लागलं. डोळ्यांपुढं काजवे येतात म्हणाल्या, उपासानं होतं म्हणाल्या. भाकरी थापताना त्यांचा उजवा हात मधूनच झटका खायचा आणि भाकर परातीबाहेर जायची. त्या हाताकडे बघून म्हणायच्या, "ह्यो कोण हालवतोय?" आणि हसायच्या. मला आता त्या हसण्याची भीती वाटत होती. मी महाराजांकडे जाऊन शेळीचं आणि बेडकांचं सांगितलं. ते म्हणाले, "मी बोलतो तिच्याशी." बोललेही. पण ज्यानं जन्मभर भेद खोटा म्हणून सांगितलं त्यानं आता कोणत्या तोंडानं सांगायचं की बाई, तुझं पाणी निराळं आहे? दाखला द्यायला त्यांच्याजवळ काही नव्हतं, आणि आत्याबाईंनी त्यांना त्यांच्याच दाखल्यांनी गप्प केलं. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात, पण हा घडा पालथा नव्हता. तो काठोकाठ भरलेला होता, दुसरं काही मावायला जागाच नव्हती.

मिळवणीच्या दिवशी दुपार कलल्यावर सगळा गाव मठात जमला. ज्यांच्या विहिरी आटल्या होत्या त्यांनी टँकरचं पाणी आणलं होतं, कुणी खडीच्या कामावरून हंडाभर आणलं होतं. चेअरमनसाहेब पुढं खुर्चीवर. पाखरं मात्र त्या दिवशी फार होती. सगळ्या मठाच्या भिंतीवर चिमण्या बसलेल्या, चोची उघड्या, डोणीकडे बघत. इतक्या माणसांत इतक्या जवळ चिमण्या कधी येत नाहीत. कुणीतरी म्हणालं सुद्धा, "ह्यास्नी बी कळलं वाटतं आज पाणी हाय म्हून."

आत्याबाई पुढं झाल्या. दोन्ही हातांनी घागर उचलली. हात थरथरत होते, तरी थेंब न सांडता त्यांनी ती डोणीत ओतली. उन्हानं तापलेला दगड, त्यावर पाणी पडलं आणि वाफेसारखा एक वास वर आला. पुढच्या बायांनी नाकाला पदर लावला. गाळाचा वास म्हणून कुणीतरी बोललं. मी डोणीजवळच उभी होते. तो गाळाचा वास नव्हता. तो माझ्या दोरीवरच्या सदऱ्याचा वास होता.

"औषध!" मी ओरडले. "पाण्याला औषधाचा वास हाय!"

आमचे मालक त्याच वेळी परळीहून पोचले होते. गाडी वेशीत सोडून, अंगावरची धूळ तशीच, ते मठाच्या पायरीवर उभे होते. त्यांनी माझा शब्द ऐकला. माणसांतून वाट काढत आले, डोणीत हात बुडवला, नाकाशी नेला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्या तोंडावरचा रंग गेला तो मला आजही दिसतो. त्यांनी एकदा वेशीच्या दिशेनं पाहिलं, मग खाली आमच्या विहिरीच्या दिशेनं.

"महाराज," ते म्हणाले, "मी येशीच्या आडात ओतलं. समदे डबे."

कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. त्या अंगणातल्या प्रत्येकानं तो विहिरीचा दाखला शेकडो वेळा ऐकला होता. पोराटोरांना पाठ होता. मालकांनीही तो पाळण्यात असल्यापासून ऐकला होता, आपल्याच आईच्या विहिरीचा. पण तो दाखला होता. तो देवासाठी होता. खाली जमिनीत खरंच पाणी इकडून तिकडं जातं, हे त्या दाखल्यानं इतकं झाकून टाकलं होतं की डबे ओतताना त्यांना ते आठवलंच नाही. आठवलं नाही ते एकट्या त्यांनाच नाही. आडात ओता म्हणणाऱ्यालाही नाही, आणि वेशीत बसून ते बघणाऱ्या म्हाताऱ्यांनाही नाही.

महाराज उठले. डोणीच्या बुडाला भोक होतं, त्यात चिंध्यांचा बोळा ठोकलेला असायचा. त्यांनी खाली बसून दोन्ही हातांनी तो बोळा उपसून काढला. पाणी अंगणात पसरलं. भिंतीवरच्या चिमण्या एकदम खाली झेपावल्या. तो वाळका म्हातारा खांद्यावरचं उपरणं काढून त्यांच्यामागे धावू लागला, "हाss हाss" करत, आणि रडत. कोरडी माती ते पाणी पिऊन टाकीपर्यंत ते धावत होते.

आत्याबाई रिकामी घागर घेऊन उभ्या होत्या. "महाराज," त्या म्हणाल्या, "मपलं पाणी तुमी वेगळं काढलं?"

महाराज थांबले. "व्हय माय. ह्ये पाणी वेगळं हाय." मग त्यांच्या लक्षात आलं आणि ते म्हणाले, "किती प्यालीस?"

"सप्ताह बसल्यापासून तेच की."

घागर हातातून सुटली. आत्याबाई खाली पडल्या तेव्हा त्यांचं सगळं अंग त्या उजव्या हातासारखं झटके खात होतं.

चेअरमनसाहेबांची जीप तेव्हा नेमकी चालू होईना, असं ड्रायव्हर म्हणाला. मिलोची पोती वेशीत खाली टाकून त्याच गाडीत आम्ही त्यांना घातलं आणि आंबाजोगाईच्या दवाखान्याकडे निघालो. मालक गाडी हाकत होते. आत मी आणि महाराज. आत्याबाईंचं डोकं माझ्या मांडीवर होतं, झटका आला की मी पदराची घडी त्यांच्या दातांत धरायची. बैल दुष्काळातले, बरगड्या निघालेले, पळून पळून किती पळणार? रस्त्याच्या कडेला मेलेल्या जनावरांची हाडं पांढरी पडली होती. मी देवाला शिव्या देत होते. मनातल्या मनात नाही, तोंडानं.

मध्ये एकदा त्या शुद्धीवर आल्या. महाराजांकडे पाहिलं. मी कान जवळ नेला, पण त्यांचा आवाज चांगला स्पष्ट होता. गाडी हाकणाऱ्यालाही ऐकू जाईल असा.

"महाराज, तुमचं खरं निघालं. झरा एकच हाय."

महाराजांनी त्यांचा हात धरला. "माय, वेगळं म्हणालो त्ये पाण्याला. तुला न्हाई."

त्या हसल्या असं मला वाटतं. मालकांनी मागे वळून पाहिलं नाही, फक्त कासरा ओढला. घाटनांदूरच्या अलीकडेच त्या गेल्या.

तेराव्याला मठात बसणं झालं. गावात एव्हाना बोलणं सुरू झालं होतं, कुणी उन्हाचा झटका म्हणत होतं, कुणी उपासाचा. चेअरमनसाहेब आले. खुर्चीवर बसले, पायातले बूट तसेच. त्यांनी डोळे पुसले, आणि भाषण केलं. "गेली ती गेली कुठं? जीव शिवात मिळाला. करणारा तोच, करवणारा तोच. इथं तू केलं, मी केलं म्हणायचं कुणाला? महाराजांनीच आपल्याला शिकवलंय, मी-तूपणा सोडा." बसलेल्या माणसांनी माना हलवल्या. सगळ्यांना किती बरं वाटलं ते दिसत होतं. मला वाटलं, ज्या शिकवणुकीवर त्या बाईनं जन्म काढला तिचाच हा बोळा करून हा माणूस भोक बुजवायलाय. मी उठणार होते.

महाराज त्याच्या आधी बोलले. फार हळू बोलले. "साहेब, पाणी एक हाय, म्हून तर ज्यानं त्यानं मपला हात सांभाळावा."

महाराजांच्या तोंडून मठात तो शब्द निघालेला कुणी कधी ऐकला नव्हता. माणसं एकमेकांकडे बघू लागली. चेअरमनसाहेबांनी हसून खुर्ची सावरली.

कोपऱ्यात भिंतीला टेकून आमचे मालक बसले होते, डोकं तासलेलं, तेरा दिवसांत एक शब्द न बोललेले. ते उभे राहिले.

"हात मपला व्हता," ते म्हणाले.

दुसरा कुणी उभा राहील म्हणून ते थोडा वेळ थांबले असावेत, निदान मी तरी थांबले होते. मग त्यांनी भिंतीशी ठेवलेला खराटा उचलला आणि अंगण झाडायला सुरुवात केली. आधी डोणीभोवतालचं, मग तुळशीकडचं, मग बसलेल्या माणसांच्या मधलं. माणसं उठून उठून जागा करून देत होती. महाराजही उठले, त्यांनी दुसरा खराटा घेतला आणि पलीकडच्या कडेनं झाडत आले. झाडत झाडत मालक खुर्चीपाशी पोचले. चेअरमनसाहेबांनी खराट्याला वाट मिळावी म्हणून बसल्या बसल्याच दोन्ही पाय वर उचलून धरले.